पताका हलते की मन हलते? झेन कोआनला उत्तर असते का, या प्रश्नाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनमधील झेन या बौद्ध ध्यानपरंपरेचे सहावे आचार्य हुइनंग यांची पताकेची कथा आपण वाचली आणि "वारा हलत नाही, पताकाही हलत नाही, तुमचे मन हलते आहे" या वाक्यापाशी आपण थांबलात. याचा अर्थ जग केवळ मनात असते, असा घ्यायचा का? अरण्यात झाड कोसळले आणि ऐकायला कुणीच नसले तर आवाज होतो का, हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील कोडे आणि 'एका हाताच्या टाळीचा आवाज कोणता?' हे कोआन, म्हणजे झेन गुरू शिष्याला साधनेसाठी देतात तो प्रश्न किंवा प्रसंग, ही एकाच जातीची मानायची का? आणि अनेक महिने विचार करूनही काहीच हाती लागत नसेल, तर चूक नेमकी कुठे होते? मी गेली बावीस वर्षे झेनच्या रिंझाई परंपरेतील एका गुरूंकडे कोआनचा अभ्यास करतो आहे. त्या अनुभवाच्या आधारे मला आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे योग्य वाटते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. विचार करणे ही चूक नाही. विचार करणाऱ्याला प्रश्नाच्या बाहेर सुरक्षित बसवून ठेवणे, ही चूक आहे.

'कोआन' हा शब्दच येथे मदतीला येतो. मूळ चिनी शब्द 'गोंग-आन' असा असून त्याचा अर्थ सरकारी दप्तरातील प्रकरण, म्हणजे न्यायाधीशापुढे आलेल्या खटल्याची नोंद असा होतो. आपल्याकडे कोआनला सर्रास कोडे म्हटले जाते, पण कोडे आणि खटला यांत मोठा फरक आहे. कोड्याचे उत्तर ते घालणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि आपण ते ओळखायचे असते. खटल्यात मात्र निवाडा द्यावा लागतो, तो ज्याचा त्याने द्यावा लागतो आणि दिल्यानंतर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

आता पताकेचे प्रकरण पाहू. ग्वांगझोउ येथील फाशिंग विहारात महापरिनिर्वाणसूत्रावर प्रवचने चालू होती. परंपरा हा प्रसंग 676 सालचा मानते. विहाराची पताका वाऱ्यावर फडफडत होती. एक भिक्षू म्हणाला की पताका हलते आहे, दुसरा म्हणाला की वारा हलतो आहे, आणि वाद काही केल्या मिटेना. तेव्हा अद्याप प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षाही न घेतलेल्या हुइनंगने ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले. बहुतेक वाचक येथेच थांबतात आणि समजतात की हा वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या विज्ञानवादाचा सोपा पाठ आहे: बाहेर काही नाही, सर्व काही चित्ताचाच आविष्कार आहे. परंतु 1228 साली वूमेन हुइकाई या आचार्यांनी अठ्ठेचाळीस कोआनांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात हे प्रकरण एकोणतिसावे आहे, आणि त्याखालची वूमेनची टिप्पणी अशी सुरू होते की वारा हलत नाही, पताका हलत नाही आणि मनही हलत नाही. मग हुइनंगला कोठे पाहाल?

याच वाक्याची आणखी एक कथा आहे आणि ती मला अधिक प्रिय आहे. यांगशान या आचार्यांच्या मठात म्याओशिन नावाची भिक्षुणी पाहुण्यांची व्यवस्था पाहत असे. सिचुआनहून आलेले सतरा भिक्षू रात्री अतिथिगृहात उतरले आणि पताकेच्या प्रकरणावर तावातावाने बोलू लागले. तिने ते ऐकले आणि एकालाही मर्म कळलेले नाही, असे ती म्हणाली. त्यांनी विनंती केल्यावर तिने सांगितले की वारा हलत नाही, पताका हलत नाही, मनही हलत नाही. ते सतराही जण त्या बोलण्याने जागे झाले, आणि आचार्यांची भेट न घेताच गावी परतले, असे कथा सांगते. "मन हलते" हे हुइनंगचे वाक्य त्या दोन भिक्षूंचा वाद मोडण्यापुरते होते. ते सिद्धान्त म्हणून जपून ठेवले की पताकेच्या जागी 'मन' नावाची दुसरी पताका उभी राहते आणि तिच्याविषयी तोच वाद नव्याने सुरू होतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

मराठी वाचकाला हे प्रकरण आपल्या भाषेतूनही तपासता येईल. "वारा वाहतो" असे आपण म्हणतो तेव्हा 'वारा' हा कर्ता आणि 'वाहणे' ही त्याची क्रिया, अशी वाक्याची रचना होते. पण न वाहणारा वारा म्हणून वेगळे काय उरते? "पाऊस पडतो" या वाक्यातून पडणे काढून घेतले तर पाऊस कोठे शिल्लक राहतो? भाषा एकाच घटनेचे दोन तुकडे करते आणि नंतर त्यांतला कोणता तुकडा खरा, यावर आपण भांडतो. ते दोन भिक्षू नेमके हेच करत होते. व्याकरणाचे हे निरीक्षण म्हणजे कोआनचे उत्तर नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. परंतु वाद कोठून जन्माला येतो, एवढे त्यावरून दिसते.

झाडाच्या कोड्याचे तसे नाही. तेथे 'आवाज' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. हवेत उमटणाऱ्या दाबाच्या लहरी असा अर्थ घेतला तर आवाज होतोच. कुणाला तरी आलेला श्रवणाचा अनुभव असा अर्थ घेतला तर ऐकणाऱ्याविना तो होत नाही. शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले की अर्धे कोडे सुटते. उरलेले अर्धे, म्हणजे अनुभवापलीकडच्या वस्तूविषयी आपण काय म्हणू शकतो हे, खरोखर गंभीर आहे आणि तत्त्वज्ञांनी त्यावर घेतलेल्या श्रमांचा मला मनापासून आदर आहे. अशा कोड्यांचे सामर्थ्य कशात असते, याचे उत्तम उदाहरण झाडाचे नसून मॉलिन्यू यांच्या प्रश्नाचे आहे. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानांनी 1688 साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारले की जन्मांध माणसाने घन आणि गोल या आकृती स्पर्शाने ओळखायला शिकल्यावर त्याला एकाएकी दृष्टी मिळाली, तर हात न लावता केवळ पाहून तो त्या ओळखू शकेल का? मॉलिन्यू यांची पत्नी विवाहानंतर लवकरच अंध झाली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ बौद्धिक नसावा, असे मला नेहमी वाटते. लॉक यांनी 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो समाविष्ट केला आणि ओळखू शकणार नाही, या मॉलिन्यू यांच्या मताला दुजोरा दिला.

तीनशेहून अधिक वर्षांनी या प्रश्नाची परीक्षा भारतात झाली. संशोधक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात, उपचारांनी बरे होण्याजोगे जन्मजात अंधत्व असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांपैकी 8 ते 17 वयाच्या पाच मुलांना दृष्टी आल्यानंतर लगेच तपासण्यात आले. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू ती मुले डोळ्यांनी ओळखत होती आणि हातांनी चाचपलेली वस्तू हातांनी. पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायची वेळ आली की त्यांची उत्तरे जवळजवळ अंदाजपंचे येत होती. काही दिवसांतच मात्र ती लक्षणीयरीत्या सुधारली. 2011 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या संशोधनाने मी हेलावून गेलो, कारण आपण ज्याला सहज 'दिसणे' म्हणतो ते किती शिकलेले, किती जुळवून आणलेले असते, हे त्यातून कळते. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे उत्तर दुसऱ्याने शोधले आणि मी ते वाचून घेतले, तरी त्यात काही उणे राहत नाही. तत्त्वज्ञानातील प्रश्नाची प्रतिष्ठाच ही आहे की त्याचे उत्तर एकाकडून दुसऱ्याकडे देता येते.

कोआनचे उत्तर तसे देता येत नाही. झेन परंपरेने हे अनेकदा पोळून घेऊन शिकलेले आहे. बाराव्या शतकात युआनवू या आचार्यांनी शंभर कोआनांवर अत्यंत सुंदर भाष्य केले. विद्यार्थी ते तोंडपाठ करून गुरूंपुढे म्हणून दाखवू लागले, तेव्हा युआनवूंचेच पट्टशिष्य दाहुइ यांनी त्या ग्रंथाचे छपाईचे लाकडी ठसे जाळून टाकले, असे परंपरा सांगते. जपानमध्ये 1916 साली कोआनांची ठरलेली उत्तरे छापून उघड करणारे एक पुस्तक निघाले आणि पुढे त्याचे भाषांतरही झाले. त्याने कोआनची परंपरा संपली नाही, कारण गुरू एका उत्तरावर कधीच थांबत नाहीत. एका हाताचा आवाज ऐकलास ना, मग त्या आवाजाचा रंग कोणता, तो आवाज मेल्यावर कोठे जातो, अशा उपप्रश्नांच्या पुढे उसने उत्तर क्षणभरही टिकत नाही.

आपल्या मराठी मनाला येथे एक वेगळी सवय आडवी येते. मुक्ताबाईंच्या अभंगातील आकाशात उडून सूर्याला गिळणाऱ्या मुंगीपासून आपल्याला कूट रचनांची ओढ आहे. मुंगी म्हणजे कोण, सूर्य म्हणजे काय, अशी फोड कीर्तनकाराने करायची आणि श्रोत्यांनी त्या अर्थाला माना डोलवायच्या, ही आपली थोर परंपरा आहे. कोआनला ती फोड लावू नये. एक हात म्हणजे अद्वैत, टाळी म्हणजे द्वैत, असे समीकरण मांडले की मन निश्चिंत होते आणि जपानी झेन गुरू हाकुइनने एका हाताचा तो प्रश्न ज्यासाठी घातला ते कामच थांबते. हाकुइन एकाकु (1686 ते 1769) यांनी हारा या आपल्या गावच्या लहानशा विहारात उतारवयात तो प्रश्न घडवला, तो साधकाची निश्चिंती मोडण्यासाठी.

आता ज्या कोआनमुळे मला स्वतःला काही कळले, त्याविषयी सविस्तर लिहितो. युआनवूंनी भाष्य केलेल्या शंभर कोआनांत ते सेहेचाळिसावे आहे. जिंगछिंग या आचार्यांनी एका भिक्षूला विचारले, "दाराबाहेर कसला आवाज येतो आहे?" भिक्षू म्हणाला, "पावसाच्या थेंबांचा." आचार्य म्हणाले, "लोक उलटे झाले आहेत. स्वतःला विसरून वस्तूंच्या मागे धावतात." भिक्षूने विचारले, "मग आपले काय?" आचार्य उत्तरले, "मी स्वतःला विसरता विसरता राहिलो." याचा अर्थ भिक्षूने विचारला तेव्हा ते म्हणाले की बाहेर पडणे एकवेळ सोपे, पण आहे तसे संपूर्ण सांगणे कठीण.

भिक्षूचे उत्तर चुकीचे नव्हते. पाऊसच पडत होता. दिङ्नाग या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाने प्रत्यक्षाची व्याख्या "कल्पनापोढ", म्हणजे नाम आणि जाती यांची कल्पना ज्यात अजून मिसळलेली नाही असे ज्ञान, अशी केली. त्या व्याख्येनुसार 'पावसाच्या थेंबांचा' हे उत्तर प्रत्यक्ष नव्हे. प्रत्यक्षावर चिकटवलेली चिठ्ठी आहे. मला दिङ्नाग ठाऊक होता आणि तेच माझ्या आड आले. सात दिवसांच्या एका साधनाशिबिरात, ऐन पावसाळ्यात, कोकणातल्या पत्र्याच्या छपराखाली मी या कोआनवर बसत होतो. अशा शिबिरात पंचवीस मिनिटांच्या बैठका होतात, मध्ये थोडे चालणे असते आणि दिवसातून दोनतीनदा प्रत्येकाला गुरूंच्या खोलीत एकट्याने जावे लागते. नमस्कार करायचा, आपले कोआन सांगायचे, उत्तर मांडायचे. गुरूंनी हातातली छोटी घंटा वाजवली की भेट संपली. मग अर्धे वाक्य तोंडात असले तरी उठायचे.

पहिल्या दिवशी मी निर्विकल्प प्रत्यक्षाविषयी बोललो आणि घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी नुसता स्तब्ध बसलो, घंटा वाजली. तिसऱ्या दिवशी तोंडाने थेंबांचा आवाज काढला. गुरूंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि घंटा वाजवली. चौथ्या दिवशी मी खिन्न होऊन बाहेर पडलो आणि व्हरांड्यात उभा असताना माझ्या ध्यानात आले की चार दिवसांत ती घंटा मी एकदाही ऐकलेली नव्हती. मी दर वेळी 'नाही' हा शब्द ऐकला होता. आवाजाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी जात होतो, गुरू आवाजच माझ्यापुढे ठेवत होते आणि मी त्याचे भाषांतर नकारात करून, तो नकार उराशी धरून परत येत होतो. 'लोक स्वतःला विसरून वस्तूंच्या मागे धावतात' हे वाक्य तोवर मला एक मत वाटत होते. त्या व्हरांड्यात ते माझ्याविषयीचे निदान झाले. पुढच्या भेटीत काय घडले ते परंपरेच्या शिस्तीनुसार मी सांगणार नाही, आणि सांगितले तरी त्याचा आपल्याला उपयोग नाही. पण आपण ज्याला 'ऐकणे' म्हणतो त्यात केवढा भाग निवाड्याचा, भीतीचा आणि अपेक्षेचा असतो, हे मला कोणत्याही ग्रंथाने असे दाखवले नव्हते.

मराठीत "मी आवाज ऐकला" आणि "मला आवाज ऐकू आला" अशी दोन वाक्ये आहेत. पहिल्यात मी कर्ता आहे, दुसऱ्यात आवाज येतो आणि मी केवळ त्याचे ठिकाण असतो. दिसते, आठवते, कळते, सुचते, या सगळ्या क्रियापदांत आपली भाषा 'मी'ला असे नकळत बाजूला सारते. कोआनवर बसताना 'मी ऐकतो' पासून 'मला ऐकू येते' पर्यंतचे अंतर बहुतेक साधक काही महिन्यांत पार करतात आणि ते फार सुखद असते. पुष्कळ जण तेथेच मुक्काम करतात. परंतु 'मला' हा शब्द अजून वाक्यात आहे, आणि गुरूंचा आग्रह त्या शब्दाबद्दल असतो. श्रवणाने जागे झालेल्यांच्या कथा परंपरेत बऱ्याच आहेत: श्यांगयेन अंगण झाडत असताना उडालेला खडा बांबूवर आपटला, वूमेन सहा वर्षे एकाच कोआनवर झटल्यानंतर जेवणाच्या नगाऱ्याने जागे झाले, हाकुइनने चोविसाव्या वर्षी दूरच्या विहाराची घंटा ऐकली. हाकुइनची कथा मात्र तेथे संपत नाही. आपल्यासारखा साक्षात्कार कित्येक शतकांत कुणाला झाला नाही, अशा अभिमानाने तो शोजू या वृद्ध गुरूंकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाक पिरगाळून त्याला परत कामाला लावले.

नाकाचा उल्लेख आला म्हणून आचार्य माझू आणि त्यांचा शिष्य बायझांग यांची गोष्टही सांगतो. दोघे चालले असताना रानबदके उडत गेली. माझूंनी विचारले, "ते काय?" "रानबदके." "कोठे गेली?" "उडून गेली." माझूंनी शिष्याचे नाक जोराने पिरगाळले, तो कळवळून ओरडला. माझू म्हणाले, "कोठे उडून गेली?" आकाशातल्या बदकांविषयी माहिती देणारा बायझांग त्या क्षणापर्यंत संभाषणाच्या बाहेर उभा होता, नाक दुखले तेव्हा तो आत आला. झाडाचे कोडे आणि एका हाताचे कोआन यांत काय फरक आहे, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी यापेक्षा नेमके उत्तर देऊ शकत नाही.

एक सावधगिरीची सूचना मी अत्यंत गंभीरपणे देतो. कोआनवर एकट्याने, झोप मोडून, हट्टाने बसू नये. हाकुइनला तरुणपणी अशा अतिरेकाने मोठे आजारपण आले. पाय बर्फासारखे गार पडले होते आणि कानांत ओढ्याच्या काठाने चालावे तसा अखंड आवाज येत असे, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. भोवतालचे जग खोटे वाटू लागणे, आपले हात आपले न वाटणे, माणसांविषयीची आस्था आटणे, ही प्रगतीची लक्षणे नव्हेत. असे काही जाणवल्यास बैठक ताबडतोब थांबवावी, जेवण आणि झोप पूर्ववत करावी, गुरूंशी बोलावे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नये.

प्रत्यक्ष काय करावे, असे आपण विचाराल. दिवसातून एकदा पंचवीस मिनिटे, पाठ ताठ ठेवून, डोळे अर्धे उघडे ठेवून बसावे. कोआनचे स्पष्टीकरण मनात जुळवू नये. प्रश्न श्वासाबरोबर हळुवारपणे पुन्हा पुन्हा उभा करावा आणि उत्तरासारखे काही सुचले तर ते खरे की खोटे हे ठरवत न बसता पुन्हा प्रश्नाकडे यावे. वर्षभर हे नियमाने झाले की गुरू शोधावा, कारण कोआनचे अर्धे काम त्या लहानशा खोलीतच होते. भारतात त्यासाठी तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमलमलै येथे जेझुइट धर्मगुरू आमा सामी यांनी 1996 साली स्थापन केलेले बोधी झेंडो हे केंद्र आहे. आणि सुरुवात पताकेपासून करू नये, असे मी सुचवेन. पताकेविषयी आपली मते इतकी तयार झाली आहेत की तिच्यावर बसलात तर आपण त्या मतांवरच बसाल. जिंगछिंग यांचा प्रश्न घ्यावा. पाऊस असेल तर पाऊस, नसेल तर रस्त्यावरची वाहने किंवा छताचा पंखाही चालेल: दाराबाहेर कसला आवाज येतो आहे?